माझ्या पोटातली फिल्म

मी एक जुनी एक्स-रे पाहायची पेटी आहे, आणि मी राग विसरत नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, कारण आपले आयुष्य सांगायला बसलेल्या वस्तू फार गोड बोलतात. कोणी मोडले, कोणी फेकले, तरी शेवटी सगळ्यांना क्षमा करतात. मी तशी नाही. मला एका माणसाने थप्पड मारली होती. त्या थपडेचा सूड मी चार वर्षे पोटात जपून ठेवला आणि मग घेतला. तो कसा घेतला, आणि त्यात कोण उगाच भरडले गेले, ते सांगते.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. छगन मिस्तरी नावाच्या कारागिराने मला घडवले. लोखंडी पत्र्याची चौकट, आत दोन ट्यूब, समोर दुधासारखी पांढरी काच आणि वरच्या कडेला फिल्म अडकवायचे दोन स्प्रिंगचे चाप. काच आणि वरची चौकट यांच्यामध्ये त्याने नखाएवढी फट मुद्दाम ठेवली. मालकाने विचारले तेव्हा तो म्हणाला, हवा जायला जागा पाहिजे, नाहीतर ट्यूब तापेल. ही फट लक्षात ठेवा. माझी सगळी गोष्ट तिच्यातूनच आत गेली आणि तिच्यामुळेच बाहेर आली.

टेम्पोत बसून मी धुळ्याजवळच्या एका वैद्यकीय कॉलेजात आले. तिथे मोठ्या मॅडम होत्या. त्यांचे नाव कोणी घेत नसे, मोठ्या मॅडम म्हटले की पुरे. त्यांची शिकवायची रीत निराळी होती. त्या फळ्यापुढे उभ्या राहून बोलत नसत. आठ मुलांना एका टेबलाभोवती बसवत आणि एका रोग्याचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवत. सोडवायचा मुलांनीच. पहिल्या बैठकीत मुलांनी आपल्याला काय कळले नाही ते शोधायचे, मधले दोन दिवस अभ्यास करायचा आणि दुसऱ्या बैठकीत उत्तर घेऊन यायचे.

पहिल्यांदा मुलांच्या हाती अर्धाच कागद पडे. पुढचे काय हवे ते त्यांनी मागायचे. मॅडमचा नियम होता, मागाल ते मिळेल, न मागाल ते मिळणार नाही. कोणी फिल्म मागितली की माझी ट्यूब लागे. कोणी छातीचा आवाज मागितला की टेपरेकॉर्डर सुरू होई. आणि कोणी धीर करून म्हणाले, "मॅडम, पेशंटलाच विचारलं तर?" की दार उघडे आणि बाहेरच्या बाकावर बसलेला खराखुरा माणूस आत येई.

एवढी साधने कशाला, असे एका मुलाने विचारले होते. मॅडम म्हणाल्या, "कागद एक सांगेल, फिल्म दुसरं सांगेल. दोघांचं पटलं नाही तर तिसऱ्याकडे जा. पण दोघांचं पटत नाही हे आधी तुमच्या लक्षात यायला हवं."

बाकावर बसणाऱ्यांत माझा लाडका होता झिपरू. सोनगीरच्या किल्ल्याखाली बकऱ्या चारणारा हा माणूस. पूर्वी कधीतरी त्याच्या उजव्या छातीत पाणी झाले होते. मॅडमनी ते काढले आणि तो बरा झाला. आजारपणातली त्याची फिल्म कॉलेजने शिकवण्यासाठी ठेवून घेतली. तो दरवर्षी बसने येई, मुलांना आपली कहाणी सांगे, चहा पिई आणि बकऱ्यांची काळजी करत परत जाई.

माझी देखभाल सुकदेव नाना करत. ते एक्स-रे विभागातले शिपाई. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने ते माझी काच पुसत. फिल्म लावण्यापूर्वी तिच्या कोपऱ्यातले शिशाचे अक्षर बघत. उजव्या बाजूला इंग्रजी 'आर' हे अक्षर उमटलेले असते. ते सुलटे दिसले की फिल्म सरळ, उलटे दिसले की फिल्म उलटी. नानांच्या हातून एकदाही फिल्म उलटी लागली नाही.

मग मॅडम निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी राजदीप सर आले. तरुण, हुशार, सतत घाईत. खरे सांगायचे तर माणूस वाईट नव्हता. मुलांना सगळे मोठ्या पडद्यावर दिसावे म्हणून जुन्या फिल्मचे फोटो काढून ठेवायचे त्यांनी ठरवले होते. चांगलीच गोष्ट. पण मी न्यायाधीश नाही, मी थप्पड खाल्लेली पेटी आहे. त्यांच्या चांगुलपणाचा हिशेब दुसऱ्या कोणी ठेवावा.

त्या दुपारी त्यांनी सत्तावीस फिल्म काढायला लावल्या होत्या. नाना एकेक फिल्म देत होते, सर ती माझ्यावर लावून मोबाईलने फोटो घेत होते. माझी एक ट्यूब लुकलुकत होती. स्टार्टर जुना झाला होता, नानांनी दोनदा अर्ज दिला होता, नवा आला नव्हता. सर वैतागले होते. झिपरूची फिल्म त्यांनी नानांच्या हातातून ओढूनच घेतली, चापांत अडकवली आणि फोटो काढला.

नाना हळूच म्हणाले, "सर, फिल्म उलटी लागली शे."

"मोबाईलमध्ये एका बोटानं सरळ होते, नाना," सर म्हणाले. त्यांनी लगेच फोटोचा कोपरा कापून टाकला, कारण तिथे झिपरूचे नाव होते आणि रोग्याचे नाव मुलांना दाखवायचे नसते. नियम बरोबरच होता. पण नावाशेजारीच 'आर' होते. तेही कापले गेले.

तेवढ्यात माझी ट्यूब पुन्हा लुकलुकली. "काय भंगार ठेवलंय हे," असे म्हणून सरांनी माझ्या उजव्या अंगावर सणकून थप्पड मारली. ट्यूब विझली. चाप सैल झाले. झिपरूची फिल्म सरकली आणि छगन मिस्तरीने ठेवलेल्या फटीतून माझ्या पोटात गेली. कोणी पाहिले नाही. सर मोबाईलमध्ये बघत होते, नाना पुढची फिल्म शोधत होते.

मी ती आपोआप सरकू दिली की मुद्दाम आत घेतली? इतकी वर्षे मी स्वतःला सांगत आले की मुद्दाम घेतली. मला वाटले, आता शोध म्हणावे.

सर फोटो सरळ करायला विसरले. दुसऱ्या दिवशी फिल्म मोजल्या तेव्हा एक कमी भरली. सरांनी वर लिहून कळवले की शिपायाकडून गहाळ झाली. आठवड्याभरात नानांना मेमो मिळाला. त्यांनी खुलासा दिला की फिल्म सरांनी हातातून घेतली, परत दिली नाही. तो खुलासा कोणी मानला नाही. निष्काळजीपणाचा शेरा सेवापुस्तकात लागला आणि नानांची बदली भांडारात झाली. मलाही भंगार ठरवून त्याच भांडारात टाकले. माझ्या अंगावर खडूने फुली मारली.

भांडार म्हणजे मुलांच्या बैठकीच्या खोलीला लागून असलेली अरुंद खोली. मध्ये फक्त प्लायवूड. तिकडचा शब्द न शब्द इकडे ऐकू येई. नानांनी मला टेबलाजवळ उभे केले आणि माझ्या डोक्यावर डबा ठेवू लागले. सफाईच्या मंदाबाई माझ्या पाठीला खराटा टेकवत. एकदा त्यांनी मेमोचे काय झाले म्हणून विचारले, तेव्हा नानांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला तो कागद काढून दाखवला. म्हणाले (आमच्याकडे मनी म्हणजे माझी), "पस्तीस वरीस फिल्म सांभाळी. आते निरोप समारंभमा साहेब मनी सेवा वाची दाखाडतीन, त्यामा हाई मेमोबी वाचतीन का? मी जाणारच नही त्या समारंभाले."

मित्रांनो, ती फिल्म तेव्हा त्यांच्या डब्याच्या खाली, वीतभर अंतरावर होती. ज्याच्यावर सूड घ्यायचा तो पलीकडे मजेत शिकवत होता आणि ज्याने मला पुसले त्याच्या खिशात मेमो होता. सूड पोटात ठेवणाऱ्यांना एवढे हिशेब आधी सुचत नाहीत.

पलीकडे तर वेगळीच मजा चालू होती. उलट्या फोटोत झिपरूचे पाणी डाव्या छातीत दिसत होते. पाण्याने दाबलेले हृदय उजवीकडे ढकललेले दिसत होते. असे खऱ्या आजारातही होते, त्यामुळे कोणाला शंका येईना. सरांनी झिपरूला बोलावून त्याचा व्हिडिओ केला. पहिल्या वर्षी तो मुलांना दाखवला. प्लायवूडमधून मला आजारपणाचे दिवस सांगणारा झिपरूचा आवाज आला. "उजवी कुशीवर जपस ना, तवय बरं वाटस. डावीवर जपनू का दम लागस." जपणे म्हणजे आमच्याकडे झोपणे. छातीत पाणी झालेला माणूस पाणी असलेल्या कुशीवरच झोपतो, म्हणजे दुसरे फुप्फुस मोकळे राहते. झिपरू खरे तेच सांगत होता.

एका मुलाने विचारले, "सर, पाणी डावीकडे आहे, मग हा उजव्या कुशीवर का झोपतो?"

सर म्हणाले, "खेड्यातला माणूस आहे, डावं-उजवं गोंधळला असेल." मुले हसली. पुढच्या वर्षी तो व्हिडिओ दाखवलाच नाही. कागदात मात्र लिहिले, रुग्णास डाव्या कुशीवर बरे वाटते.

नानांनी ते ऐकले. हातातला कापसाचा गठ्ठा त्यांनी फळीवर ठेवला. मग पुढचे गठ्ठे मोजायला लागले. मेमो मिळालेल्या माणसाने पलीकडच्या खोलीत जाऊन काय सांगायचे?

मी मात्र आतल्या आत खूष झाले. म्हटले, चूक, दरवर्षी चूक. माझी वायर सुटलेली होती हे खरे. पण वीज असती तरी त्या वेळी मी पेटले नसते.

चौथ्या वर्षी संघमित्रा आली. जळगावच्या पिंप्राळ्यातली मुलगी, बोलायला कमी, पण हातात कायम पेन्सिल. पडद्यावर फिल्म आली की ती वहीत तिचे चित्र काढी. चित्र काढणाऱ्याला सगळीकडे बघावे लागते. ते नुसते बघणाऱ्याच्या हातून होत नाही.

पहिल्या बैठकीत तिने विचारले, "सर, इथे खाली उजवीकडे हवेची काळी वाटी दिसते. ही जठरातली हवा आहे ना? पण जठर डावीकडे असतं. उजवीकडे यकृत असतं."

सरांना हे नवे नव्हते. मागच्या वर्षी त्यांना स्वतःलाच ती वाटी खटकली होती, म्हणून त्यांनी केसला तिसरा कागद जोडला होता. ते म्हणाले, "ती जठरातली नाही. आतड्याला भोक पडलं की बाहेर आलेली हवा तिथे जमते. तिसरा कागद वाच."

"मग पोट दुखायला हवं होतं, सर. कागदात याचं पोट कुठेच दुखत नाही."

कोणीतरी खुदकन हसले. सर म्हणाले की ते लिहायचे राहिले असेल. संघमित्राने मूळ फिल्म मागितली. सरांचा आवाज चढला. "फिल्म हरवली. शेजारी भांडारात नाना बसतात. कुठे घालवली, त्यांनाच विचार."

ती खरेच विचारायला आली. दारात चपला काढून उभी राहिली. नाना म्हणाले, अगं चपला असू दे, हे भांडार आहे, देऊळ नाही. मग तिने विचारले, "नाना, फिल्म तुमच्याकडून हरवली का?"

चार वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. सगळ्यांनी उत्तरच सांगितले होते. नानांनी खिशातली पिशवी काढली, मेमो तिच्या हाती दिला आणि त्या दुपारी काय घडले ते सांगितले. उलट्या फिल्मचे सांगितले, मॅडमच्या नियमाचे सांगितले. निवृत्तीला अकरा दिवस उरलेत, हेही सांगितले.

संघमित्राने वही उघडली आणि आपले चित्र खिडकीच्या काचेवर उलटे धरले. उन्हात ते आरपार दिसले. मग म्हणाली, "नाना, एखादी दुसरी फिल्म उलटी लावून दाखवता? ती वाटी कुठे जाते ते मला बघायचंय."

नाना माझ्याकडे बघत राहिले. भंगारात नोंदलेली वस्तू दुरुस्त करायची नसते, सुरूही करायची नसते, असा कार्यालयाचा नियम. चार वर्षे त्यांनी तो पाळला होता. मग ते म्हणाले, "अकरा दिवसांत आते मना काय बिघाडतीन." कोपऱ्यातल्या दुसऱ्या मोडक्या पेटीतली ट्यूब आणि स्टार्टर काढून त्यांनी बाजूच्या झाकणातून माझ्यात बसवले, वायर जोडली आणि बटण दाबले.

मी पेटले.

अजून कोणतीच फिल्म लावली नव्हती. तरी माझ्या काचेत एक छाती दिसत होती. धूसर, थोडी तिरकी, पण छातीच.

नानांनी बटण बंद केले, चमच्याच्या टोकाने माझे स्क्रू सोडवले आणि काच बाजूला केली. फिल्मची खालची कड पत्र्याला चिकटली होती. त्यांनी ती कडेकडेने, जखमेवरची पट्टी काढावी तशी सोडवली. कोपऱ्यात झिपरूचे नाव होते. शेजारी 'आर' होते. नानांनी आधी ओल्या, मग कोरड्या फडक्याने फिल्मवरची धूळ टिपली. मग फोन काढला आणि सोनगीरला लावला. एवढेच म्हणाले, "झिपरू भाऊ, गुरुवारे ये. बकऱ्या कोनाकडे तरी सोपी दे."

गुरुवारी दुसरी बैठक होती. नानांनी मला छातीशी धरून नेले आणि टेबलावर पडद्याशेजारी ठेवले. राजदीप सर म्हणाले, हे भंगार इथे कशाला?

"आम्ही फिल्म मागितली होती, सर," संघमित्रा म्हणाली. "ती मिळाली. तुम्हीच लावा."

सरांनी फिल्म घेतली. या वेळी घाई नव्हती. कोपऱ्यातले अक्षर बघून त्यांनी ती सरळ लावली. माझ्या काचेवर पाणी रोग्याच्या उजव्या छातीत आले आणि हवेची वाटी त्याच्या डावीकडे, जिथे जठर असते तिथे. शेजारच्या पडद्यावर तीच छाती उलटी उभी होती. आठही मुले एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. सरांचे कान लाल झाले होते. मी एवढी उजळले की त्यांच्या कपाळावरचा घामही सगळ्यांना दिसावा.

"आणि आम्ही पेशंट मागतो," संघमित्रा म्हणाली.

दार उघडले. झिपरू आत आला, सगळ्यांना रामराम केला आणि कोणी सांगण्यापूर्वीच सदरा वर केला. उजव्या बरगड्यांच्या मध्ये जुना वण होता. तो सरांना म्हणाला, "साहेब, सुई मनाच आंगमा गई व्हती. मी डावं-उजवं कसं इसरसू? मन्या बकऱ्यासलेबी समजस, कोनत्या बाजूले दगड बसना ते."

या वेळी मुले हसली, पण झिपरूला नाही.

सरांनी विचारले, फिल्म कुठे सापडली. नाना म्हणाले, "या पेटीत. काचेच्या मागे." सर माझ्याकडे वळले. त्यांचा हात माझ्या उजव्या अंगावर आला, नेमका तिथे, जिथे चार वर्षांपूर्वी पडला होता. तो तिथेच थांबला. त्यांना आठवले. मित्रांनो, त्या एका क्षणासाठी मी चार वर्षे अंधारात काढली होती. तो मला फार गोड लागला. खोटे का बोलू?

सर हळूच म्हणाले, "नाना, मी आता काय करू?"

मला वाटले, नाना आता बोलतील. सगळे सुनावतील. मी वाट बघत होते. नानांनी खिशातून मेमो काढला, टेबलावर उलगडला आणि पेन ठेवले. "याच्या खाली लिहा. तुमच्या हातानं. आणि आजच वर पाठवा."

सरांनी लिहिले, आणि नानांच्या सांगण्यावरून मुलांपुढे मोठ्याने वाचले. फिल्म पेटीत सापडली. ती मी लावली होती. सुकदेव यांचा दोष नाही.

"अजून एक," नाना म्हणाले. "ही केस बंद करू नका, सर. आधी तुमचा उलटा फोटोच दाखवा. मग जो मागेल त्याला फिल्म द्या. मग झिपरूला बोलवा. आणि शेवटी फोटो उलटा कोणी काढला, ते तुम्हीच सांगा. दरवर्षी."

सरांनी मान हलवली. मी थक्क झाले. मला सुचला नसता असा सूड होता तो. माझा एका दिवसात संपला असता, नानांचा सरांच्या नोकरीभर पुरणार होता, आणि त्यातून मुले शिकणार होती.

माझ्यावरची खडूची फुली पुसली गेली. माझी जागा बैठकीच्या खोलीत पक्की झाली. नाना निरोप समारंभाला गेले, पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत बसले, असे मंदाबाईंनी मला पुसता पुसता सांगितले. पण त्याआधी, शेवटच्या दिवशी दुपारी नाना माझ्याकडे एकटेच आले होते. त्यांनी माझ्या वरच्या फटीत बोट घातले आणि विचारले, "तूच धरीसन बसनी व्हती ना?"

मग त्यांनी दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी काढली आणि ती फट या टोकापासून त्या टोकापर्यंत बंद केली.

त्या फिल्मसाठी मेमो नानांना मिळाला. मला कोणीच दिला नाही, म्हणून माझा खुलासाही कोणी मागितला नाही. हाच तो खुलासा समजा. ज्याने मला पुसले त्याची चार वर्षे मी खाल्ली, हे त्यात लिहून ठेवा.

आणि मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन डॉक्टर व्हा, शिक्षक व्हा, नाहीतर शिपाई व्हा. फिल्म लावताना कोपऱ्यातले अक्षर बघा. दोन साधनांचे पटले नाही तर तिसऱ्याला विचारा, आणि तो बकऱ्या चारणारा असला तर दोनदा विचारा. ट्यूब लुकलुकली तर स्टार्टर बदला. पेटीला थप्पड मारू नका. नानांनी लावलेली चिकटपट्टी आहे अजून, पण धुळ्याच्या उन्हात तिची एक कडा सुटू लागली आहे.